प्रोबायोटिक आतड्यापर्यंत जिवंत कसे पोहोचते आणि त्यासाठी आपण काय करावे

अँटिबायोटिकच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी प्रोबायोटिकची कॅप्सूल लिहून दिली, की बहुतेक घरांत ती जेवण झाल्यावर, बाकीच्या गोळ्यांसोबत, एकाच घोटात घेतली जाते. आमच्या घरीही अनेक वर्षे हेच चालत असे. या साध्या सवयीत दोन चुका आहेत. जेवण होऊन अर्धा तास उलटलेला असतो तेव्हा जठर या कॅप्सूलसाठी सर्वांत प्रतिकूल असते, आणि अँटिबायोटिक ज्या जिवाणूंना मारण्यासाठी घेतले जाते त्यांच्याच जातकुळीतले जिवाणू त्याच क्षणी त्याच्या शेजारी सोडले जातात. पॅरासिटामॉलची गोळी कपाटात ठेवली काय किंवा पाण्याऐवजी चहाबरोबर घेतली काय, तिच्यातील औषध फारसे बदलत नाही. प्रोबायोटिकमधील औषध मात्र सजीव आहे. ते उष्णतेने, ओलाव्याने, आम्लाने आणि पित्ताने मरते, आणि मेल्याचे बाहेरून काहीही कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी 2001 मध्ये प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तिच्यात दोन अटी आहेत: सूक्ष्मजीव जिवंत असले पाहिजेत, आणि ते आरोग्याला लाभ होईल इतक्या पुरेशा प्रमाणात दिले गेले पाहिजेत. या लेखात कारखान्यापासून मोठ्या आतड्यापर्यंतच्या वाटेवर हे जिवाणू कोठे कोठे मरतात ते आधी पाहू आणि मग त्यांतील कोणती हानी आपल्याला घरी टाळता येते ते क्रमाने पाहू.

वाटेत नेमके काय घडते

साधी जिलेटिनची कॅप्सूल जठरात काही मिनिटांतच विरघळते. उपाशीपोटी जठरातील सामू, म्हणजे पीएच, साधारण 1.5 ते 2 इतका असतो. सामूचे माप दहाच्या पटीत चालते. त्यामुळे तो 2 वरून 4 वर गेला, की आम्लता 100 पटींनी कमी होते. प्रोबायोटिकच्या दृष्टीने हा फरक जीवनमरणाचा आहे, कारण 2 या सामूला भराभर मरणारे अनेक जिवाणू 4 या सामूला बराच वेळ तग धरतात.

आम्ल जिवाणूला कसे मारते हे समजून घेतले तर पुढील सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. बाहेर हायड्रोजनच्या आयनांची दाटी झाली की ते पेशीत झिरपू लागतात, पेशीच्या आतील भाग आम्लधर्मी होतो, आणि तेथील प्रथिने व विकरे काम करेनाशी होतात. जिवाणूच्या आवरणात एक पंप असतो, जो हे आयन पुन्हा बाहेर फेकतो. परंतु पंप चालवण्यासाठी पेशीला ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी साखर लागते. आयर्लंडमधील संशोधकांनी 2005 मध्ये दाखवून दिले की कृत्रिम जठररसात थोडे ग्लुकोज असेल तर लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जिवाणू ग्लुकोज नसताना टिकतो त्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक टिकतो. रिकाम्या पोटी नुसत्या पाण्याबरोबर गिळलेल्या जिवाणूंना आम्लही तीव्र मिळते आणि पंप चालवायला इंधनही मिळत नाही.

जठरातून सुटलेले जिवाणू लहान आतड्याच्या आरंभी पोहोचतात, तेथे स्वादुपिंडातून येणारे बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडते. मात्र त्याच जागी पित्त ओतले जाते. पित्तक्षारांचे काम खाल्लेल्या तेला-तुपाचे बारीक थेंब करण्याचे असते, म्हणजे ते भांड्याच्या साबणासारखे वागतात, आणि जिवाणूचे बाह्य आवरणही स्निग्ध पदार्थांचेच असल्याने ते त्यालाही फोडू शकतात. ज्या जिवाणूंकडे पित्तक्षारांचे विघटन करणारे विकर असते, किंवा आत शिरलेले पित्त बाहेर टाकणारी यंत्रणा असते, ते येथून पुढे सरकतात. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सुमारे 95 टक्के पित्तक्षार शरीर परत शोषून घेते, त्यामुळे मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचलेल्या जिवाणूवर पित्ताचा दबाव फारसा राहत नाही.

तेथे तिसरी अडचण उभी असते, आणि ती गर्दीची आहे. 2016 मधील एका काटेकोर गणनेनुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात आणि त्यांतील बहुतेक सर्व मोठ्या आतड्यातच राहतात. कॅप्सूलमधून आलेले काही कोटी पाहुणे या वस्तीत जागा आणि अन्न शोधतात, आणि बहुतेकांना कायमची जागा मिळत नाही. या मुद्द्याकडे शेवटी पुन्हा यावे लागेल, कारण औषध किती दिवस घ्यायचे हे त्यावर ठरते.

पहिली पायरी: जिवाणूचे पूर्ण नाव वाचा

तांदूळ म्हटल्याने तो आंबेमोहोर आहे की इंद्रायणी हे कळत नाही, तसेच नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ म्हटल्याने काहीच कळत नाही. प्रजातीच्या नावापुढे वाणाची खूण हवी. ऱ्हॅम्नोसस या प्रजातीतील ‘जीजी’ हा वाण आम्ल आणि पित्त यांत टिकतो म्हणून 1980 च्या दशकात अमेरिकेतील दोन संशोधकांनी निवडला होता. त्याच प्रजातीतील दुसरा वाण तसाच टिकेल असे गृहीत धरता येत नाही. ज्या लेबलवर वाणाची अक्षरे किंवा क्रमांकच छापलेला नाही, त्या उत्पादनाबद्दल कोणताही अभ्यास लागू करता येत नाही, आणि अशा उत्पादनावर पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

वाणाच्या निवडीचे महत्त्व दाखवणारे मोठे उदाहरण आपल्याच देशातील आहे. ओडिशाच्या खेड्यांमध्ये 4,556 नवजात बालकांवर झालेला आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सर्वपरिचित व्हायला हवा. त्यात लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक विशिष्ट वाण, त्याच्या अन्नासाठी सोबत दिलेल्या फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइडसह, बाळांना केवळ 7 दिवस देण्यात आला. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू यांचे प्रमाण तुलनेच्या गटात 9 टक्के होते, ते या गटात 5.4 टक्के आढळले. संशोधकांनी हा वाण आतड्याच्या पेशींना चिकटून राहण्याच्या क्षमतेसाठी आधी पारखून घेतला होता. याचा अर्थ कोणतेही प्लांटारम आणून घरच्या बाळाला द्यावे असा मुळीच नाही. त्या बाळांची निवड वजन पाहून झाली होती आणि त्यांच्यावर सतत देखरेख होती.

टिकण्याच्या दृष्टीने बाजारातील सूक्ष्मजीवांचे तीन गट पडतात. पहिल्या गटात लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम येतात. हे नाजूक आहेत, आणि बायफिडोबॅक्टेरियमला तर प्राणवायूही सोसत नाही. (2020 मध्ये लॅक्टोबॅसिलस या प्रचंड कुळाची 25 कुळांत विभागणी झाली, त्यामुळे नव्या लेबलांवर ‘लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ किंवा ‘लॅक्टिप्लांटिबॅसिलस प्लांटारम’ अशी नावे दिसतील, जिवाणू तेच आहेत.)

दुसऱ्या गटात बीजाणू तयार करणारे जिवाणू येतात. प्रतिकूल काळात हे जिवाणू स्वतःभोवती कठीण कवच तयार करून सुप्त होतात, आणि त्या अवस्थेत जठरातील आम्लाचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. आतड्यात अनुकूल स्थिती मिळाली की ते पुन्हा रुजतात. बॅसिलस क्लॉसी हा त्यांतील आपल्याकडे सर्वाधिक परिचित आहे. तो बहुधा 5 मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या छोट्या कुपीत मिळतो आणि एका कुपीत 200 कोटी बीजाणू असतात. कुपी इंजेक्शनच्या कुपीसारखी दिसते, म्हणून हे सांगणे आवश्यक आहे की आतील द्रव केवळ तोंडाने घ्यायचा असतो. बॅसिलस कोॲग्युलन्स हा दुसरा. भारतात अनेक वर्षे ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेन्स’ या नावाने जो विकला जातो तो प्रत्यक्षात हाच आहे. खरे लॅक्टोबॅसिलस बीजाणू तयार करत नाहीत, म्हणून ते जुने नाव दिशाभूल करणारे आहे.

तिसरा गट एकाच सूक्ष्मजीवाचा आहे. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे, म्हणजे बुरशीच्या वर्गातील. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑन्री बुलार यांनी 1920 च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीन या फळांवरून ते मिळवले. आम्लात ते चांगले टिकते, आणि जिवाणूंवर चालणारे अँटिबायोटिक त्याला मारत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना हवी. बीजाणू अधिक टिकतात म्हणून ते प्रत्येक तक्रारीवर अधिक गुणकारी असतात असा निष्कर्ष अनेकदा जाहिरातींतून सुचवला जातो. आतड्यात पोहोचल्यावर उपयोग होतो की नाही हे त्या वाणावर आणि त्या आजारावर झालेल्या चाचण्यांवरूनच ठरते. म्हणून आधी आजारानुसार वाण निवडावा, तो डॉक्टरांना विचारूनच निवडावा, आणि मग तो नाजूक गटातील असेल तर पुढील पायऱ्या अधिक काटेकोरपणे पाळाव्यात.

दुसरी पायरी: आकडा कोणत्या तारखेचा आहे ते पाहा

लेबलवरील संख्या सीएफयू या एककात दिलेली असते. पोषक माध्यमावर टाकल्यावर जिच्यापासून नवी वसाहत वाढते अशी एक पेशी किंवा पेशींचा एक पुंजका म्हणजे एक सीएफयू. इंग्रजी लेबलवरील 1 बिलियन म्हणजे आपले 100 कोटी. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या 2016 च्या नियमांनुसार प्रोबायोटिक अन्नपदार्थाच्या दिवसभराच्या शिफारस केलेल्या मात्रेत किमान 10 कोटी सीएफयू असणे अपेक्षित आहे. हा किमान आकडा आहे. प्रत्यक्ष चाचण्यांमध्ये बहुधा याहून कितीतरी मोठ्या मात्रा वापरल्या जातात.

आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘उत्पादनाच्या वेळी’ असे लिहिले आहे की ‘मुदत संपेपर्यंत’ असे लिहिले आहे, हे भिंग घेऊन वाचावे लागले तरी वाचावे. सुकवलेले जिवाणूही दर महिन्याला थोडे थोडे मरत असतात. जबाबदार उत्पादक म्हणूनच लेबलवरील आकड्यापेक्षा जास्त जिवाणू सुरुवातीला भरतात, म्हणजे शेवटच्या दिवशीही छापलेली संख्या शिल्लक राहते. ‘उत्पादनाच्या वेळी’ एवढेच लिहिले असेल तर आज पाकिटात किती उरले आहेत हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो. अशा वेळी निदान उत्पादनाची तारीख सर्वांत अलीकडची असलेले पाकीट मागून घ्यावे.

पुढील हिशेब केवळ कल्पनेसाठी आहे. कॅप्सूलमध्ये 1,000 कोटी जिवाणू आहेत; जठरात दहातील नऊ मेले तर 100 कोटी उरतील; पित्तामुळे पुन्हा दहातील नऊ मेले तर 10 कोटी मोठ्या आतड्यात पोहोचतील. आता हीच कॅप्सूल उन्हाळ्यात तापलेल्या गोदामात पडून राहिल्यामुळे आधीच 100 कोटींवर आली असेल, तर शेवटी केवळ 1 कोटी पोहोचतील. प्रत्येक टप्प्यावरील हानी मागच्या हानीने गुणली जाते. यामुळेच साठवणुकीतील निष्काळजीपणा केवळ महागडा वाण घेतल्याने भरून निघत नाही.

तिसरी पायरी: वेष्टन समजून घ्या

काही कॅप्सूलच्या कवचावर असा लेप असतो जो आम्लात विरघळत नाही आणि सामू साधारण 5.5 च्या वर गेला की विरघळतो. लेबलवर ‘एंटेरिक कोटेड’ किंवा ‘डिलेड रिलीज’ असे शब्द असतात. औषधांच्या प्रमाण चाचणीत अशी कॅप्सूल 2 तास हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवतात आणि नंतर 6.8 सामूच्या द्रावणात टाकतात; पहिल्या टप्प्यात ती अभंग राहिली पाहिजे आणि दुसऱ्या टप्प्यात फुटली पाहिजे. अशी कॅप्सूल चावू नये, उघडून पावडर काढू नये, खलबत्त्यात कुटू तर मुळीच नये, कारण ज्या लेपासाठी जास्त पैसे दिले तोच त्यामुळे निकामी होतो. गिळता येत नसेल तर त्याच वाणाची पुडी मिळते का ते विचारावे.

दुसरी पद्धत सूक्ष्म आवरणाची आहे. समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या द्रावणात जिवाणू मिसळून त्याचे थेंब कॅल्शियमच्या द्रावणात सोडले की जेलीसारखे बारीक मणी बनतात आणि जिवाणू आत अडकून सुरक्षित राहतात. पावडरच्या पुडीतही असे आवरण असू शकते.

घरी व्हिनेगरमध्ये कॅप्सूल बुडवून परीक्षा घेणारे लोक मला भेटले आहेत. त्यातून फार तर कवचाविषयी थोडा अंदाज येतो, आतील जिवाणू जिवंत आहेत का हे त्यातून समजत नाही. कोमट दुधात पावडर टाकून दही लागते का हे पाहण्याची पद्धतही तितकीच फसवी आहे: दही लागले तर काही जिवाणू जिवंत आहेत एवढेच ठरते, आणि न लागल्यास काहीही ठरत नाही, कारण कित्येक उपयुक्त वाण दुधात दही लावण्याइतके वेगाने वाढतच नाहीत.

चौथी पायरी: उष्णता आणि ओलावा यांपासून जपा

कारखान्यात जिवाणू गोठवून निर्वातात वाळवले जातात. त्यांच्या पेशीतील बहुतेक सारे पाणी निघून गेल्यामुळे ते निद्रिस्त होतात. कॅप्सूलमध्ये हवेतील थोडा ओलावा जरी शिरला, तरी त्यांची झोप अर्धवट मोडते. ते जागे होतात, पण वाढण्याइतके पाणी आणि अन्न नसल्याने मरतात. म्हणून कोकणातील पावसाळा आणि विदर्भातील मे महिना हे दोन्ही या औषधाचे शत्रू आहेत, पहिला ओलाव्यामुळे आणि दुसरा उष्णतेमुळे.

पाकिटावर 2 ते 8 अंश सेल्सिअस असे लिहिले असेल तर दुकानदाराने ते फ्रीजमधून काढून दिले पाहिजे. फळीवरून काढून दिले तर घेऊ नये. घरी नेताना उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नये. 25 अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवा असे लिहिले असेल, तर नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ही अट साध्या कपाटात पूर्ण होत नाही, आणि हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवणे शहाणपणाचे ठरते. उन्हाळ्यात ऑनलाइन मागवलेले नाजूक गटातील उत्पादन कुरिअरच्या गाडीत किती तापले याचा पत्ता लागत नाही; त्या महिन्यांत ते जवळच्या औषधाच्या दुकानातूनच घ्यावे, किंवा डॉक्टरांची हरकत नसेल तर बीजाणूंचा पर्याय विचारावा.

बाटलीबंद कॅप्सूल असतील तर आतील शोषक पुडी फेकू नये, बाटलीत ओले हात घालू नयेत, आणि फ्रीजमधून काढलेली बाटली लगेच न उघडता काही मिनिटे बाहेर राहू द्यावी, म्हणजे हवेतील बाष्प थंड कॅप्सूलवर जमणार नाही. आठवड्याच्या गोळ्या वेगवेगळ्या कप्प्यांत काढून ठेवण्याची डबी ज्येष्ठांसाठी फार सोयीची असते, तरीही प्रोबायोटिक त्या डबीत ठेवू नये. ते मूळ पट्टीतच राहू द्यावे.

पाचवी पायरी: केव्हा आणि कशाबरोबर घ्यावे

या प्रश्नावर 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग फार उपयोगी आहे. संशोधकांनी मानवी पचनमार्गाची प्रतिकृती प्रयोगशाळेत उभी केली, लाळ, जठररस आणि पित्त यांच्या टप्प्यांतून एका बाजारी मिश्रणाची कॅप्सूल नेली, आणि शेवटी जिवंत किती उरले ते मोजले. जेवणाबरोबर किंवा जेवणाच्या 30 मिनिटे आधी दिलेल्या कॅप्सूलमधील जिवाणू चांगले टिकले. जेवणानंतर 30 मिनिटांनी दिलेल्या कॅप्सूलमधील जिवाणूंची संख्या पुष्कळ घटली. 1 टक्का स्निग्धांशाचे दूध, किंवा दुधातील ओटमील, यांबरोबर ते सफरचंदाच्या रसापेक्षा आणि साध्या पाण्यापेक्षा अधिक टिकले. सॅकरोमायसिस बुलार्डीला मात्र जेवणाच्या वेळेने काहीच फरक पडला नाही.

हे असे का घडते याचा विचार करू. घास पोटात गेला की अन्नातील प्रथिने आम्ल शोषून घेतात आणि जठरातील सामू 4 ते 5 पर्यंत चढतो. तो तेथेच राहत नाही. जेवणाच्या उत्तेजनाने जठर अधिकाधिक आम्ल ओतत जाते आणि पुढील एक-दोन तासांत सामू पुन्हा उतरतो. जेवणाच्या आरंभी आत गेलेला जिवाणू अन्नात मिसळून सौम्य काळाचा लाभ घेतो. उशिरा आलेल्या जिवाणूला वाढते आम्ल मिळते, आणि त्यात भर म्हणजे भरलेले जठर रिकामे व्हायला 2 ते 4 तास लागत असल्यामुळे त्याला तेथून लवकर बाहेरही पडता येत नाही.

म्हणून नाजूक गटातील कॅप्सूल पहिल्या दोन-तीन घासांबरोबर घ्यावी, हा माझा सल्ला आहे. जेवणाच्या आधी घ्यायची असेल तर अर्ध्या तासाच्या आतच जेवायला बसावे. आपल्याकडे सकाळच्या न्याहारीबरोबर ही सवय सहज बसते: वाटीभर दूध आणि पोहे, किंवा नाचणीचे कोमट सत्त्व, यांत प्रथिने, थोडा स्निग्धांश आणि साखरेचे इंधन या तिन्ही गोष्टी मिळतात. थोडा स्निग्धांश उपयोगी असतो, पण तेलकट-तुपकट भरगच्च जेवणाने पित्ताशय अधिक पित्त सोडते, तेव्हा सणावाराच्या पुरणपोळीच्या पंगतीपेक्षा साधे जेवण या कामासाठी बरे. लेपाच्या कॅप्सूलसाठी आणि बीजाणूंसाठी वेळेचे बंधन सैल आहे. तेथे पाकिटावरील सूचना पाळावी.

पावडर कशात मिसळावी याबाबतची सर्वांत मोठी चूक गरम पदार्थांची आहे. दुधाच्या पाश्चरीकरणात 63 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे किंवा 72 अंशांना 15 सेकंद एवढ्यानेच बहुसंख्य जिवाणू मरतात, आणि कपात ओतलेला चहा किंवा उकळून लगेच दिलेले दूध याच तापमानाच्या आसपास असते. पावडर कोमट किंवा थंड पदार्थातच मिसळावी, बोट बुडवून ऊब जाणवली तरी चटका बसू नये एवढी कसोटी पुरेशी आहे, आणि मिसळल्यावर ती ठेवून न देता लगेच घ्यावी. मुलांसाठी ती पाण्यात, दुधात किंवा मऊ भातात कालवता येते. जुलाब होत असताना ओआरएस हाच मुख्य उपचार आहे आणि मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने जस्तही द्यावे लागते. प्रोबायोटिक दिले म्हणून ओआरएस थांबवणे धोक्याचे आहे.

आम्लपित्तावर (म्हणजे ॲसिडिटीवर) पँटोप्रॅझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी सुरू असेल, तर जठरातील आम्ल कमी असल्याने जिवाणू अधिक टिकण्याची शक्यता असते. केवळ त्या हेतूने मात्र ती गोळी घेऊ नये, कारण आम्ल कमी झाले की रोगकारक जंतूंनाही तीच वाट मोकळी होते.

अँटिबायोटिक सुरू असताना

दोन्हींत निदान 2 तासांचे अंतर ठेवावे. अँटिबायोटिक सकाळी 8 आणि रात्री 8 वाजता असेल, तर प्रोबायोटिक दुपारच्या जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घेणे सर्वांत सोयीचे पडते. बॅसिलस क्लॉसीचे औषधात वापरले जाणारे वाण अनेक अँटिबायोटिकांना दाद देत नाहीत, आणि बुलार्डी तर यीस्टच आहे, त्यामुळे त्यांच्याबाबत अंतराची काळजी कमी असते. परंतु फ्लुकोनॅझोलसारखे बुरशीनाशक सुरू असेल तर बुलार्डी घेण्यात अर्थ राहत नाही.

अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक घेतलेच पाहिजे असा समज रूढ आहे, त्याविषयी थोडे थांबून बोलले पाहिजे. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या 2018 मधील अभ्यासात असे दिसले की अँटिबायोटिकनंतर अनेक वाणांचे प्रोबायोटिक मिश्रण घेतलेल्या लोकांमध्ये त्यांचे स्वतःचे मूळ जिवाणू परत वाढायला उलट अधिक काळ लागला. दुसरीकडे, काही ठरावीक वाण अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब कमी करतात, हेही चाचण्यांत दिसले आहे. म्हणून हे औषध आपल्या मनाने जोडू नये. डॉक्टरांनी ठराविक कारणासाठी, ठराविक दिवसांसाठी दिले असेल तर ते नीट घ्यावे.

दही आणि ताक यांचे काय

घरच्या विरजणात अनेक प्रकारचे जिवाणू असतात, पण ते कोणते आणि किती हे रोज बदलते, आणि त्यांची आम्ल-पित्तात टिकण्याची परीक्षा कोणी घेतलेली नसते. त्यामुळे शास्त्रीय अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. मोजून वाण घातलेल्या पेयांचे तसे नाही. जपानी पद्धतीच्या 65 मिलिलिटरच्या बाटलीत शिरोटा वाणाचे 650 कोटी जिवाणू असल्याचे लेबलवर दिलेले असते. तरीही रोजच्या जेवणात ताजे दही आणि ताक मी आग्रहाने सुचवीन, कारण त्यातील प्रथिने आणि कॅल्शियम यांचा लाभ निर्विवाद आहे. कढी उकळली किंवा आंबवलेल्या नाचणीची आंबील शिजवली, की त्यातील जिवाणू मरतात. चव आणि पचनसुलभता राहते, जिवंत जिवाणूंची अपेक्षा मात्र तेथे करू नये.

कोणी आपल्या मनाने घेऊ नये

निरोगी माणसात हे जिवाणू बहुधा निरुपद्रवी असतात. आतड्याचे अस्तर किंवा प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर तेच जिवाणू रक्तात शिरू शकतात. केमोथेरपी सुरू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, मोठ्या शिरेत नळी घातलेले आणि अतिदक्षता विभागातील रुग्ण यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट सूचनेशिवाय प्रोबायोटिक घेऊ नये. नेदरलँड्समध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांमध्ये प्रोबायोटिक घेतलेल्या गटातील मृत्यू 16 टक्के, तर न घेतलेल्या गटातील 6 टक्के होते. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2023 मध्ये गंभीर संसर्गाचा इशारा दिला. बाळासाठीचा निर्णय बालरोगतज्ज्ञांचाच असला पाहिजे.

किती दिवस घ्यावे आणि केव्हा थांबावे

वाइझमन संस्थेच्याच आणखी एका अभ्यासात काही लोकांच्या आतड्यात प्रोबायोटिक जिवाणूंनी काही काळ बस्तान बसवले, तर काहींच्या आतड्याने त्यांना जवळजवळ थाराच दिला नाही. ते विष्ठेत दिसले, पण अस्तरावर टिकले नाहीत. बहुतेकांच्या बाबतीत औषध थांबवले की काही दिवसांत किंवा एक-दोन आठवड्यांत हे जिवाणू विष्ठेतून दिसेनासे होतात. जाता जाताही ते आम्ल तयार करतात, रोगकारक जंतूंशी अन्नासाठी स्पर्धा करतात आणि आतड्याच्या प्रतिकारयंत्रणेला संकेत देतात. म्हणून वाटेतला मुक्काम छोटा असला तरी तो रोज व्हावा लागतो. एक दिवस विसरून दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्रा घेतल्याने ती उणीव भरून निघत नाही.

पोहोचलेल्या जिवाणूंना मोठ्या आतड्यात खायला लागते ते आपल्याला न पचणारे तंतू. कांदा, लसूण, चवळी, मटकी, हरभरा आणि किंचित कच्चे केळे यांत असे तंतू असतात. सवय नसेल तर एकदम वाढवू नयेत, पोट फुगते, आठवड्या-आठवड्याने वाढवावेत.

इरिटेबल बॉवेलसारख्या जुनाट तक्रारीसाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना असे सांगतात की उत्पादकाने सांगितलेल्या मात्रेत किमान 4 आठवडे घेऊन परिणामाची नोंद ठेवावी. पाकिटावर सुरुवातीची तारीख लिहावी, रोज शौचाच्या वेळा, पोटदुखी आणि पोट फुगणे यांची एका ओळीत नोंद करावी, आणि त्याच काळात आहार किंवा दुसरे औषध बदलू नये, नाहीतर फरक कशामुळे पडला हे सांगता येणार नाही. 4 आठवड्यांनंतर नोंदींत बदल दिसत नसेल तर ते उत्पादन थांबवावे, आणि रिकामी पट्टी व ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. वाण बदलायचा की तपासणी करायची हे ते त्यावरून ठरवू शकतील. विष्ठेत रक्त, ताप किंवा वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर 4 आठवडे थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.